एका डॉलरची सही

१५ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बावीस वर्षांच्या एका काळ्या तरुणाने एका कागदावर सही केली. पुढील तीन वर्षे हा तरुण एड चाल्पिन या निर्मात्याच्या पीपीएक्स कंपनीसाठीच वाजवील, असे त्या कागदावर लिहिले होते. मोबदला किती? रोख एक डॉलर, आणि तबकड्या खपल्याच तर विक्रीच्या किमतीवर एक टक्का. कलमांचा अर्थ समजावून सांगणारा वकील त्याने लावलेला नव्हता. खोलीभाडे थकलेले, पोटात भूक आणि हातात गिटार, एवढीच त्याची मालमत्ता होती. त्या तरुणाचे नाव जिमी हेंड्रिक्स. त्यानंतर तो जेमतेम पाच वर्षे जगला. पण त्या एका डॉलरच्या सहीवरचे वाद त्याच्या मृत्यूनंतर तेहतीस वर्षांनीही इंग्लंडच्या अपील न्यायालयात चालू होते.

वाचक विचारतील, चळवळीच्या दैनिकात या गिटारवाल्याचे काय काम? आमचे म्हणणे असे की, त्याचे काम इथेच आहे. साठच्या दशकातील रॉक संगीत म्हटले की बीटल्स, रोलिंग स्टोन्स ही गोऱ्या पोरांची नावे समोर येतात. पण या संगीताचा पाया घातला तो अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांत राबलेल्या गुलामांच्या लेकरांनी. त्यांच्या गाण्याला ब्लूज म्हणतात. रोलिंग स्टोन्सने तर आपल्या संघाचे नावच मडी वॉटर्स या काळ्या गायकाच्या एका गाण्यावरून उचलले. कष्ट एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, हा व्यवहार आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. हेंड्रिक्सचे आयुष्य म्हणजे या व्यवहाराचा दस्तऐवज आहे. तो आम्ही येथे वकिलाच्या नजरेने वाचणार आहोत.

२७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य टोकाला असलेल्या सिअॅटल शहरात त्याचा जन्म झाला. आई ल्युसिल अवघी सतरा वर्षांची होती. बाप अल हेंड्रिक्स सैन्यात, दूर अलाबामात होता. मुलगा झाला म्हणून त्याला रजा मिळायला हवी होती. ती मिळाली नाहीच, उलट हा न विचारता पळून जाईल या संशयावरून त्याला लष्करी कोठडीत डांबण्यात आले. मुलाच्या जन्माची बातमी त्याला त्या कोठडीत कळली. आईने मुलाचे नाव जॉनी अॅलन ठेवले होते. बाप १९४५ साली परतला, दुसऱ्यांच्या घरी वाढत असलेल्या मुलाला घेऊन आला आणि पुढे त्याचे नाव बदलून जेम्स मार्शल केले.

घरात दारिद्र्य होते, दारू होती, भांडणे होती. १९५१ साली आईबापांचा घटस्फोट झाला. धाकटी भावंडे एकेक करून दुसऱ्यांच्या घरी किंवा सरकारी देखरेखीखाली गेली. बाप मिळेल ते काम करी आणि पुढे लोकांच्या बागा राखून पोट भरू लागला. १९५८ च्या फेब्रुवारीत आई वारली. तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. आईच्या अंत्यविधीला बापाने मुलांना नेले नाही.

हा मुलगा शाळेत केरसुणी हातात धरून गिटार वाजवल्याचे सोंग करीत असे. शाळेतल्या समाजसेविकेने ते पाहिले आणि गरीब मुलांसाठीच्या निधीतून याला गिटार घेऊन द्यावी, नाही तर मुलाच्या मनावर परिणाम होईल, असे लिहून कळवले. मागणी फेटाळली गेली. १९५७ साली बापाबरोबर कोणाच्या तरी घरातला कचरा उपसताना त्याला एकच तार उरलेले एक छोटे वाद्य सापडले. त्या एका तारेवर तो ऐकलेल्या चाली काढू लागला. पुढच्या वर्षी पाच डॉलरला जुनी गिटार मिळाली. संगीतशाळा नाही, गुरू नाही, स्वरलिपीचा गंध नाही. रेडिओ आणि शेजारपाजारच्या वादकांची बोटे हेच त्याचे विद्यापीठ. तो डावखुरा होता आणि उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवी. ज्याच्यासाठी वाद्य बनलेलेच नव्हते, त्याने ते उलटे करून आपलेसे केले.

१९६१ साली चोरीच्या मोटारीत बसलेला म्हणून पोलिसांनी त्याला दोनदा पकडले. तुरुंग की सैन्य, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला गेला. त्याने सैन्य निवडले. गरीब वस्तीतल्या काळ्या मुलापुढे व्यवस्था किती दारे उघडी ठेवते, ते यावरून समजावे. केंटकीतील फोर्ट कॅम्पबेलच्या छावणीत तो विमानातून छत्रीने उडी मारणारा शिपाई झाला. तेथेच त्याला बिली कॉक्स हा काळा बेसवादक भेटला. ही मैत्री अखेरपर्यंत टिकली. सैन्यात मात्र त्याचे मन नव्हते. वरिष्ठांनी त्याला अयोग्य ठरवले आणि १९६२ च्या जूनमध्ये तो बाहेर पडला.

त्यानंतरची तीन-चार वर्षे फार महत्त्वाची आहेत, पण त्याच्या चाहत्यांनाही ती नीट ठाऊक नसतात. त्या काळी दक्षिणेत काळ्यांना गोऱ्यांच्या नाट्यगृहांत, हॉटेलांत प्रवेश नव्हता. म्हणून काळ्यांनी काळ्यांसाठी चालवलेल्या सभागृहांची आणि दारूच्या गुत्त्यांची एक साखळीच तयार झाली होती. तिला चिटलिन सर्किट म्हणत. चिटलिन म्हणजे डुकराची आतडी. मालकाने चांगले मांस खाऊन टाकलेले भाग गुलामांच्या वाट्याला येत, त्या जेवणावरून हे नाव पडले. आपल्या वाचकांना या नावाचा अर्थ कोशात शोधावा लागणार नाही. नॅशव्हिलमधील जेफरसन स्ट्रीट हा या साखळीतला एक नामांकित रस्ता. हेंड्रिक्स तेथे वाजवीत असे. पुढे त्याच दशकात सरकारने या काळ्या वस्तीला चिरून महामार्ग नेला आणि रस्त्याचे वैभव मोडले.

या साखळीत वादकाला मान खाली घालून मुख्य गायकाच्या मागे उभे राहावे लागे. हेंड्रिक्स आयली ब्रदर्सच्या मागे वाजवला, लिटिल रिचर्डच्या मागे वाजवला. गणवेश चुकला की दंड, उशीर झाला की दंड, मुख्य गायकापेक्षा जास्त टाळ्या घेतल्या तर राग ओढवून घेणे. १९६५ च्या उन्हाळ्यात लिटिल रिचर्डच्या संघातून तो बाहेर पडला. पण दातांनी तारा छेडणे, गिटार पाठीमागे धरून वाजवणे या करामती तो येथेच शिकला. दिवसभर राबून आलेल्या काळ्या श्रोत्याला दाद द्यायला लावण्याची ती कारागिरी होती. पुढे गोऱ्या वर्तमानपत्रांनी याच कारागिरीला रानटीपणा म्हटले.

१९६४ साली तो हार्लेममध्ये आला. न्यूयॉर्कच्या या काळ्या वस्तीतील अपोलो थिएटरच्या हौशी कलावंतांच्या स्पर्धेत त्याला पहिले बक्षीस मिळाले. बक्षिसाने पोट भरत नाही. जुलै १९६५ मध्ये त्याने सू रेकॉर्ड्स या कंपनीशी दोन वर्षांचा करार केला. तो करार जिवंत असतानाच ऑक्टोबरमध्ये कर्टिस नाईट या गायकाच्या संघात असताना चाल्पिनच्या कागदावर सही केली. आधीचा करार असताना दुसरा का केला, असे विचारणारा माणूस उपाशी राहिलेला नसतो.

येथे कायद्याचा एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे. मोबदला कमी आहे एवढ्याच कारणाने करार रद्द होत नाही. इंग्रजी आणि अमेरिकन कायद्याचे हे तत्त्व आपल्या १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही आहे. त्याच्या कलम २५ खाली हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकण्याचे उदाहरण दिले आहे. संमती खरोखर मोकळ्या मनाने दिली असेल, तर असा सौदाही वैध. मात्र आपला कायदा पुढे असेही म्हणतो की, संमती मोकळी होती की नव्हती हे ठरवताना मोबदल्याचा अपुरेपणा न्यायालय विचारात घेऊ शकते. आमच्या मते शोषितांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक वकिलाने हे दुसरे वाक्य पाठ करावे. भुकेल्या माणसाची संमती किती मोकळी असते? एक डॉलर हा मोबदला नव्हता, ती त्याच्या गरजेची किंमत होती.

१९६६ साली तो ग्रीनिच व्हिलेजमधल्या कॅफे व्हा या ठिकाणी स्वतःचा छोटा संघ घेऊन वाजवू लागला. लिंडा कीथ या इंग्रज तरुणीने त्याला ऐकले आणि अॅनिमल्स या इंग्रजी संघाचा बेसवादक चास चँडलर याला तेथे आणले. चँडलरने त्याला लंडनला नेण्याचे ठरवले. त्याने जुने करार सोडवण्यासाठी विचारपूस केली, पण चाल्पिनचा कागद हिशेबात आलाच नाही. २४ सप्टेंबर १९६६ रोजी हेंड्रिक्स लंडनच्या विमानतळावर उतरला.

पुढचे दिवस वाऱ्यासारखे गेले. १ ऑक्टोबरला क्रीम या त्या वेळच्या नामांकित संघाबरोबर त्याला मंचावर चढू दिले गेले. त्याने हाउलिन वुल्फ या काळ्या गायकाचे गाणे अशा वेगाने वाजवले की, लंडनच्या तरुणांनी ज्याला देव मानले होते तो एरिक क्लॅप्टन थक्क होऊन पाहत राहिला. नोएल रेडिंग आणि मिच मिचेल या दोन गोऱ्या वादकांना घेऊन त्याचा संघ उभा राहिला. १९६७ च्या मे महिन्यात पहिली मोठी तबकडी आली आणि इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. पहिल्या क्रमांकावर बीटल्सची सार्जंट पेपर ही तबकडी होती. त्याच तबकडीचे शीर्षकगीत ४ जूनला, ती बाजारात येऊन काही दिवसच झालेले असताना, त्याने आपल्या पद्धतीने वाजवून कार्यक्रम सुरू केला. प्रेक्षकांत खुद्द पॉल मॅकार्टनी आणि जॉर्ज हॅरिसन बसले होते.

त्याने नेमके केले काय? त्याच्या आधी विजेच्या गिटारीचा आवाज वाढवला की जी कर्कश घुमघुम येई, तिला बहुतेक वादक दोष मानत. अॅम्प्लिफायरचा आवाज गिटारीत शिरून पुन्हा बाहेर येणे म्हणजे फीडबॅक. त्याने त्या दोषालाच सूर केले. विमाने, स्फोट, किंकाळ्या, पाऊस, कुजबुज हे सारे त्याच्या सहा तारांतून निघू लागले. व्यवस्थेने ज्याला गोंगाट ठरवून फेकून दिले, त्याची त्याने भाषा बनवली. काही इंग्रजी वर्तमानपत्रांनी मात्र त्याला जंगलातून आलेल्या रानमाणसाची उपमा दिली. स्तुती करतानाही वर्ण विसरायचा नाही, ही रीत आपल्याही परिचयाची आहे.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथे त्याने मंचावर गिटार पेटवली आणि अमेरिकेला आपल्याच मुलाची ओळख झाली. डिसेंबरमध्ये दुसरी तबकडी आली. तिच्या वेष्टनाची हकीकत आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. चित्रकारांनी भारतातल्या विष्णूच्या विश्वरूपाचे एक बाजारू छापील चित्र घेतले आणि देवाच्या तोंडाच्या जागी हेंड्रिक्स व त्याच्या दोन साथीदारांची तोंडे बसवली. हेंड्रिक्सला हे पसंत पडले नाही. त्याच्या घरात अमेरिकेच्या मूळनिवासी रक्ताचा वारसा सांगितला जाई, आणि इंडियन म्हणून काही दाखवायचेच तर ते आपले इंडियन दाखवावेत अशी त्याची इच्छा होती. त्याला हवे होते आपले आदिवासी पूर्वज, मिळाले आमच्याकडचे विश्वरूप! त्याला विचारले कोणी? स्वतःच्या तबकडीवर स्वतःचा चेहरा कसा छापावा हेही ज्याच्या हाती नाही, त्याला यशस्वी म्हणावे का, हा आमचा प्रश्न आहे. २०१४ साली हेच चित्र धार्मिक भावना दुखावते म्हणून मलेशियात त्या तबकडीवर बंदी आली. न मागितलेल्या चित्राची शिक्षाही त्याच्याच नावावर जमा झाली.

आता चळवळीशी त्याचे नाते काय, हे पाहू. काही लेखक त्याला क्रांतिकारक बनवतात, काही त्याला गोऱ्यांचा करमणूकदार ठरवून मोकळे होतात. दोन्ही खोटे आहे. त्याचे श्रोते बहुसंख्य गोरे होते, साथीदार गोरे होते आणि काळ्यांची रेडिओ केंद्रे त्याला फारशी वाजवत नव्हती. हे त्याला बोचत होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्युथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी न्यूअर्कमध्ये त्याचा कार्यक्रम होता. शहरावर दंगलीची छाया होती. त्याने नेहमीची गाणी बाजूला ठेवली आणि त्या नेत्यासाठी एक लांब, शोकाकुल ब्लूज वाजवला. ऐकणारे रडले.

१८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी वुडस्टॉकच्या प्रचंड मेळाव्यात तो मंचावर आला, तेव्हा लाखोंतले बहुतेक लोक घरी निघून गेले होते. तेथे त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत गिटारीवर वाजवले. एकही शब्द न उच्चारता त्याने त्या सुरांच्या मधोमध बॉम्ब, गोळीबार आणि आक्रोश आणला. व्हिएतनामचे युद्ध जोरात होते आणि त्यात गरिबांची, काळ्यांची पोरे मरत होती. जो स्वतः त्या सैन्याचा गणवेश घालून आला होता, त्याने राष्ट्राचा सूर राष्ट्राच्याच तोंडासमोर आरशासारखा धरला. ज्यांना त्यात अपमान दिसला त्यांना तो दिसला. आम्हाला त्यात नागरिकाची साक्ष दिसते.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ५ सप्टेंबरला, तो हार्लेमच्या रस्त्यावर तेथील वस्तीच्या मदतीसाठी फुकट वाजवायला उभा राहिला. सुरुवातीला त्याच्यावर अंडी फेकली गेली. गोऱ्यांचा झालेला माणूस, हा राग त्यात होता. तो खाली उतरला नाही, वाजवत राहिला. आपल्यातून वर गेलेल्या माणसाने परत वस्तीत आल्यावर काय सोसावे लागते, याचे हे उदाहरण आहे. वस्तीचा राग अन्यायाचा नव्हता आणि त्याचे परतणे ढोंगाचे नव्हते.

वर्षअखेर त्याने बिली कॉक्स आणि बडी माइल्स यांना घेऊन तीन काळ्या वादकांचा संघ उभा केला. ब्लॅक पँथर पक्षाच्या कार्यकर्त्यांची त्याने उघड बाजू घ्यावी असा त्याच्यावर दबाव होता. तो त्या पक्षाचा सभासद झाला नाही, पण व्हिएतनामपासून अमेरिकेच्या शहरांपर्यंत लढणाऱ्यांना त्याने आपले युद्धविरोधी गाणे अर्पण केले. याच ब्लॅक पँथरचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली. ते वादळ येथे पोचले तेव्हा हेंड्रिक्सला जाऊन दोन वर्षे झाली होती.

आता त्या काळ्या संघाची तबकडी कशी निघाली ते पाहा. हेंड्रिक्स प्रसिद्ध होताच चाल्पिनने आपला कागद पेटीतून बाहेर काढला. १९६५ ची किरकोळ ध्वनिमुद्रणे हेंड्रिक्सचे ताजे छायाचित्र लावून बाजारात आली, आणि दावे दाखल झाले. १९६८ साली अमेरिकेत तडजोड झाली. तिच्यानुसार हेंड्रिक्सची एक संपूर्ण नवी तबकडी चाल्पिनच्या बाजूच्या कॅपिटॉल कंपनीला द्यावी लागणार होती. म्हणून १९६९ ची शेवटची रात्र आणि १९७० ची पहिली रात्र न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये वाजवून ती तबकडी तयार करण्यात आली. स्वतंत्र काळ्या संघाचा पहिला हुंकार म्हणून ती गाजली. पण कायद्याच्या भाषेत ती एका डॉलरच्या सहीची परतफेड होती!

त्याचा व्यवस्थापक मायकेल जेफ्री याने पैशाचा ओघ बहामा बेटांवरच्या कंपनीतून फिरवला होता. हेंड्रिक्स मोठमोठी मैदाने भरवीत होता, पण स्वतःचा हिशेब त्याला कधी नीट कळला नाही. आपल्याला स्वतःची जागा हवी, या ओढीने त्याने न्यूयॉर्कमध्ये इलेक्ट्रिक लेडी हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ बांधायला घेतला. खर्च फुगत गेला, कंपनीकडून कर्ज घ्यावे लागले. २६ ऑगस्ट १९७० रोजी उद्घाटनाचा समारंभ झाला. त्यानंतर लगेच तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या मालकीच्या चार भिंती उभ्या राहिल्या होत्या. तो त्यांच्याकडे परतला नाही.

१८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनच्या नॉटिंग हिल भागातील एका हॉटेलच्या खोलीत तो बेशुद्ध सापडला आणि रुग्णालयात त्याला मृत घोषित करण्यात आले. झोपेच्या गोळ्यांचा अंमल आणि त्यात उलटीने गुदमरणे, असे कारण निघाले. पुरावा अपुरा म्हणून कॉरोनरने मृत्यू कसा घडला याचा निर्णय खुला ठेवला. नंतर खुनाच्या अनेक कथा पसरल्या. खुला निर्णय म्हणजे खुनाचा निर्णय नव्हे, हे आम्ही वकील म्हणून सांगू. पुराव्याशिवाय आरोप करणे ही आपली रीत असू नये. नशेने त्याचे आयुष्य पोखरले होते हेही लपवण्याचे कारण नाही. तो सत्तावीस वर्षांचा होता.

मृत्युपत्र त्याने केलेले नव्हते. कायद्याने वारस ठरला बाप, सिअॅटलचा माळी. त्याच्या मदतीला लिओ ब्रँटन हे काळे वकील आले. हे कोणी ऐरेगैरे नव्हते. १९७२ साली अँजेला डेव्हिस या क्रांतिकारी विचारवंत स्त्रीला निर्दोष सोडवणाऱ्या वकिलांत ते होते. वीस वर्षे त्यांनी हा कारभार पाहिला. आपल्या मुलाच्या संगीताचे हक्क परदेशी कंपन्यांच्या जाळ्यात गेले आहेत आणि आता ते विकले जात आहेत, असे बापाच्या कानावर आले तेव्हा १९९३ साली त्याने ब्रँटन यांच्यावरच फिर्याद केली. दाव्याच्या खर्चासाठी मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल अॅलन यांनी त्याला कर्ज दिले. १९९५ मध्ये तडजोड झाली आणि हक्क बापाकडे परत आले. न्यायालयाने ब्रँटन यांना दोषी ठरवले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही धडा उरतोच. आपला माणूस आहे, चळवळीचा आहे, म्हणून कागद न पाहता सही करणे हा विश्वास नव्हे, ती जबाबदारी टाळणे आहे. आणि आपल्या माणसाचा हिशेब वर्षाच्या वर्षाला स्वतःहून समोर ठेवणे हे चळवळीतल्या वकिलाचे पहिले कर्तव्य आहे. हे आम्ही स्वतःलाही बजावतो.

बाप २००२ साली वारला. त्याच्या मृत्युपत्रात जिमीच्या सख्ख्या धाकट्या भावाला वारसा मिळाला नाही. भावाने आव्हान दिले, पण २००४ साली सिअॅटलच्या न्यायालयाने ते मृत्युपत्र कायम केले. रेडिंग आणि मिचेल या गोऱ्या साथीदारांनीही सत्तरच्या दशकात ठोक रकमा घेऊन हक्क सोडले होते. २०२४ च्या जानेवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या वारसांचा दावा सुनावणीस योग्य ठरवला. पिळवणुकीचा घाणा एकदा फिरू लागला की त्यात गोरा वादकही भरडला जातो.

आणि चाल्पिन? १९७३ साली त्याच्या कंपनीने हेंड्रिक्सच्या वारसांशी ठराविक ध्वनिमुद्रणेच वापरण्याचा करार केला आणि पुढे तो मोडला. २००३ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, वारसांना प्रत्यक्ष तोटा दाखवता येत नसला तरी करार मोडून मिळवलेल्या लाभापोटी कंपनीने वाजवी रक्कम भरली पाहिजे. कराराच्या कायद्यात हा निवाडा आज विद्यार्थ्यांना शिकवला जातो. अखेर त्या जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकीच वारसांच्या कंपनीकडे आली आणि २०१५ साली ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. एका डॉलरची सही फिटायला पन्नास वर्षे लागली.

आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली गातात, रॅप करतात, ढोलकी आणि गिटार वाजवतात. मोबाइलवर त्यांची गाणी लाखो लोक ऐकतात. कंपन्यांचे कागद त्यांच्याही दारात येत आहेत आणि येतील. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात मोठा बदल झाला. गीतकार आणि संगीतकाराने सर्व हक्क लिहून दिले, तरी चित्रपटातील आणि ध्वनिमुद्रणातील आपल्या गीत-संगीताच्या रॉयल्टीचा वाटा त्याला सोडून देता येत नाही. तसा करार केला तरी तो टिकत नाही. गायक-वादकांनाही कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क मिळाले आहेत. हेंड्रिक्सला हे संरक्षण नव्हते, आपल्या मुलांना आहे. पण कलम पुस्तकात असून भागत नाही, ते सही करणाऱ्याच्या डोक्यात असावे लागते.

म्हणून आमची चळवळीतल्या तरुण वकिलांना विनंती आहे. प्रत्येक तालुक्यात निदान एकाने तरी महिन्यातला एक रविवार विहारात किंवा वाचनालयात बसावे आणि येईल त्या कलावंताचा करार फुकट वाचून द्यावा. शिका, हा बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द आहे, आणि तो सहीच्या आधी येतो. गाणाऱ्याने गावे, वाजवणाऱ्याने वाजवावे. फक्त सही करण्यापूर्वी तो कागद एक रात्र घरी न्यावा, दुसऱ्याला दाखवावा. जो एक रात्रही थांबू देत नाही, त्याच्या कागदावर सही करू नये.